कौलाच्या दोन दिवस आधी

एक

विचुंब्यातल्या सप्ताहाचा तो चौथा दिवस, बुधवार. काकड आरती आटोपून मी टाळ पिशवीत घालत होतो, तेवढ्यात हरेश घरतचा फोन आला.

"मास्तर, गाळ्यावर या. आमचं नाव चोरीला गेलंय."

पनवेलच्या टपाल कचेरीत मी बत्तीस वर्षं काढली, शेवटची काही पोस्टमास्तर म्हणून. अर्धवट पत्त्याचं पत्रसुद्धा ज्याचं त्याच्या हातात पडलं पाहिजे, एवढा एकच हट्ट मी नोकरीत केला. निवृत्त झालो आणि कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहू लागलो. त्या सुखापुढे दुसरं काही नको वाटतं. पण जुनी ख्याती सुटत नाही. कुणाचं काही हरवलं की मला बोलावणं येतं.

गाळ्यात शिरताच मिरचीचा ठसका लागला. हरेश टेबलापाशी उभा होता. जमीन सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, मग रेती-विटांचा धंदा, आणि आता मसाला. धाकटा भाऊ निकेश खुर्ची उलटी करून बसला होता. आई कृष्णाबाई भिंतीला टेकून होती. मागच्या बाजूला बेलपाड्याला दिलेली बहीण मनिषा चार बायकांबरोबर खडा मसाला निवडत होती. आणि टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉप छातीशी धरून, अंकिता. करंजाड्यात एका खोलीत ती जाहिरातीचं काम करते, एकटीच्या जोरावर.

प्रकरण असं होतं. रविवारी काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाला हा मसाला वापरून त्याची सुरुवात करायची होती. आज पाच वाजता तळोज्याच्या छापखान्यात दहा हजार पाकिटं छापायला जायची. पाकिटावर कृष्णाबाईंचा फोटो, त्याखाली सोशल मीडियावरचा पत्ता, म्हणजे लोक फोनवर शोधतील ते पान. मसाल्याचं जे नाव, तोच पत्ता. काल मंगळवारी संध्याकाळी गावदेवीनं कौल दिला आणि नाव ठरलं, 'कृष्णाबाईचा हात'. आज सकाळी अंकिता तो पत्ता घ्यायला बसली, तर तो आधीच कुणीतरी घेतलेला. पानावर ना फोटो ना मजकूर. नुसतं नाव अडवून ठेवलेलं.

"मग मागे 'पनवेल' जोडा की," मी म्हटलं.

"नाय. देवीनं दिलेल्या नावाला शेपूट लावायची नाय." हरेशनं अंकिताकडे बोट केलं. "काल देवळात सहा जण होतो. घरचे चार, बाळू पुजारी आनि ही. घरचा मानूस घराचं नाव चोरंल काय? पाच वाजेपर्यंत पत्ता दिला तर दिला. नायतर व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटोसकट टाकतो, चोर म्हनून. मंग पोलीस."

अंकिता मला म्हणाली, "काका, माझी सगळी गिऱ्हाइकं त्याच ग्रुपवर आहेत. एकदा तिथे नाव गेलं की मी पनवेलमध्ये काम करू शकणार नाही."

"पान कधी तयार झालं, हे कळतं का?"

तिनं लॅपटॉप उघडला. माहितीच्या चौकटीत तारीख होती. ती तिनं दोनदा वाचली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

पान रविवारी तयार झालं होतं. देवीनं नाव दिलं मंगळवारी.

दोन

"बघा," हरेश म्हणाला, "नाव हिनंच सुचवलेलं, शनिवारी. रविवारी जाऊन घेतलं. आता विकायला बसंल आमालाच."

मी अंकिताला घेऊन बाहेर आलो. समोरच्या टपरीवर चहा सांगितला. तिनं कपाला हात लावला नाही.

"शनिवारी काय झालं ते सांग. गाळू नकोस काही."

"मीटिंग होती, इथेच. तीन नावं निघाली. हरेशदादांचं 'घरत मसाले', निकेशचं 'आगरी ठसका', आणि माझं 'कृष्णाबाईचा हात'. मी म्हटलं, तिन्ही पत्ते आजच घेऊन ठेवते, नंतर दोन सोडून देऊ. असंच करतात काका, फुकट असतं. हे बघा, रात्री पुन्हा मेसेज केला."

मी वाचला. 'दादा, प्लीज तिन्ही लगेच अडवून ठेवू या. पहिला जो घेईल त्याचा होतो.' त्याखाली हरेशचं उत्तर: 'कौल लागल्याशिवाय हात लावायचा नाय. देवीच्या आधी नाव घेतलं तर ते लाभत नाय.'

हा त्यांच्या घरचा रिवाज मला ठाऊक होता. पोराचं नाव असो, होडीचं असो, कौल लागेपर्यंत ते कागदावर चढत नाही. देवीच्या मानासाठी हरेशनं दार उघडं ठेवलं होतं.

"चोरायचं असतं तर मी त्यांना दोनदा सावध कशाला केलं असतं?"

"हरेश म्हणेल, नाटक होतं."

"तेच म्हणाले."

"मीटिंगमध्ये हे 'पहिला घेईल त्याचा' वगैरे तू सगळ्यांना समजावलंस?"

"हो. एकदा घेतला की दुसऱ्याला मिळत नाही, कितीही भांडा. निकेश फोन बघत होता. आजींनी मात्र विचारलं, म्हंजे सातबाऱ्यावर नाव चढल्यासारकं काय? सगळे हसले. मी म्हटलं, अगदी तसंच आजी."

"बरं. आता ती दुसरी दोन नावं बघ. कुणी घेतलीत का?"

तिनं शोधलं. दोन्ही मोकळी होती.

मी माझा चहा खाली ठेवला. तीन नावांतलं कोणतं लागणार हे माहीत नसेल, तर अडवणारा तिन्ही अडवतो. ज्यानं एकच घेतलं, त्याला दोन दिवस आधी ठाऊक होतं की देवी काय बोलणार आहे.

तीन

निकेशला मी देवळाच्या वाटेवर गाठलं.

"माझ्यावर संशव हाय का मास्तर? असू द्या. मला ते नाव पटलंच नव्हतं. 'कृष्णाबाईचा हात', हातात काय, झाडू? ठसका म्हनलं की पोरं खातात."

"मोडता घालायला घेतलं असशील."

"मंग माझं नाव लागलं असतं तर? मी काय देवीला फोन करून इचारलं?" तो हसला, मग हळू झाला. "दादूस त्या पोरीला उगा पिडतोय. पन मी बोल्लो तर मलापन पिडंल. कंपनीत नाव त्यानं घातलंय माझं, काढायला येल नाय लागायचा."

"कंपनी कुणाच्या नावावर आहे?"

"आमी दोघं भाव. दुसरं कोन असनार?"

गाळ्यात परत येऊन मी मनिषाजवळ बसलो. चाळिशीची बाई. तिची बोटं मिरचीनं रंगलेली. दगडफूल, नाकेश्वर, तिरफळ, एकेक पदार्थ ती हातावर घेऊन नुसत्या वजनानं जोखत होती आणि घमेल्यात टाकत होती. बाकीच्या बायका तिच्याकडे बघून हात चालवत होत्या.

"प्रमाण कुठे लिहून ठेवलंयस का?"

"लिवून काय करू? हाताला म्हाईत हाय."

"काल देवळात फुलांचं ताट कुणी केलं?"

"मी. माहेरवाशिणीचा मान असतो तो. तेवढा अजून ठेवलाय आमचा." बाजूच्या बायका हसल्या. ती हसली नाही. "कळ्या आये लावते. मी नुसतं ताट हातात देते."

"आणि त्या पत्त्याचं?"

"आयेचं नाव हाय. आयेचं नाव कुनाकडं का असंना, माझं काय जातंय?"

तिनं मान वर केली नाही. हातात घेतलेलं दगडफूल मात्र तिनं तीनदा जोखलं.

चार

गावदेवीचा पुजारी बाळू ओटा धूत होता, आणि वैतागला होता.

"मुंग्या, मास्तर. देवीच्या खांद्यावर मुंग्या. काल कौल झाल्यापासून."

त्यांच्याकडे कौल असा लावतात: मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना आणि छातीला ओल्या बोटानं तगरीच्या तीन कळ्या चिकटवायच्या, प्रत्येकीला एकेक नाव सांगायचं, आणि जी आधी खाली पडेल ते देवीनं दिलेलं. काल छातीवरची कळी पडली होती. खांद्यांवरच्या दोन सकाळपर्यंत तशाच.

"पान्यानं लावलेली कळी वाळली की गळते. ह्या गळंनात. शेवटी नखानं काढल्या." त्यानं निर्माल्याच्या टोपलीतून दोन कळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

मी त्या उलट्या केल्या. देठापाशी पांढरं, वाळून कडक झालेलं काहीतरी. मी ते नखानं खरवडलं आणि मला बत्तीस वर्षांचा वास आला. खेड्यापाड्यातून येणारी किती पाकिटं अशी असायची. घरात डिंक नसला की बाई भाताचं शीत चिरडून पाकीट बंद करायची. तेच हे. दोन कळ्यांना शीत, एकीला नुसतं पाणी. देवीला बोलायला एकच तोंड ठेवलं होतं.

चोरीचं वाईट वाटलं नाही तेवढं ह्याचं वाटलं.

"कळ्या कृष्णाबाईच लावतात ना?"

"चाळीस वर्सं झाली. दुसऱ्याला हात नाय लावू देत."

तेवढ्यात अंकिताचा फोन आला. 'पासवर्ड विसरलो' असं दाबून पाहिल्यावर त्या पानानं फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले होते. बहात्तर. हरेशनं सगळ्यांचे नंबर ताडून पाहिले. त्याचा नव्हता, निकेशचा नव्हता, मनिषाचा नव्हता.

"ते म्हणतायत माझंच दुसरं सिम आहे. चार वाजलेत काका."

मी माझ्या फोनमधली नावं खाली सरकवत गेलो. बहात्तरवर संपणारा एक नंबर माझ्याकडे होता. दर एकादशीला त्यावरून मिस कॉल येतो. अर्थ एवढाच की मास्तर, कीर्तन किती वाजता ते सांगा. बटणांचा फोन, कमरेच्या बटव्यात ठेवलेला. तो मोजायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

पाच

कृष्णाबाई मंडपात पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. कीर्तनाला तीन तास अवकाश होता. मंडप रिकामा, सतरंज्या झटकलेल्या. मी समोर बसलो.

"रविवारी पहिल्याच कीर्तनाला तुमची जागा रिकामी होती," मी म्हटलं. "आम्ही टाळकरी बुवांच्या मागे उभे राहतो, तोंड श्रोत्यांकडे असतं. इतक्या वर्षांत ती जागा रिकामी पाहिली नव्हती."

"गुडगा दुखत होता."

"बेलपाड्याला जाताना दुखला नाही?"

मी दोन वाळक्या कळ्या सतरंजीवर ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या, पदरात बांधल्या.

"देवीला सांगून लावलं मी शीत," त्या म्हणाल्या. "तिला बोल्ली, बाय, तूपन बाईच हाईस. एवढी येल गप रा."

"का पण?"

"त्या पाकिटावर माझं थोबाड हाय आनि माझं नाव हाय. माझ्या हाताला कवा चव नव्हती, मास्तर. आमचे धनी जिते होते तवापन मला बोलायचे. हात मनिषाचा हाय. लग्नाआधीपासून घरचा मसाला तिनंच केला. आता कंपनी झाली तर ती बायांबरोबर हजेरीवर बसते. मी हरेशला बोल्ली, तिचं नाव घाल. तो बोल्ला, आये, पोरी परक्या घरच्या."

मंडपाच्या कनातीला वाऱ्यानं फुगा येत होता, जात होता.

"प्लॉट मिलाला तवा हक्कसोडीच्या कागदावर तिची सही मीच घेतली. ती इचारत होती, आये, करू? मी बोल्ली, कर, भाव पाठीशी रातील. हसत हसत केली तिनं. मंग तिचा नवरा गेला. भाव तेरा दिवस आले. चौदाव्या दिवशी त्याच रस्त्यानं गेले, गाडी नाय थांबवली. शनिवारी ती पोरगी बोल्ली, पयला घेल त्याचा, मंग कोनाला सोडवता येत नाय. मला वाटलं, कागदावर नाय तर त्या फोनात तरी माझ्या लेकीचं कायतरी असू दे. पुढं भावांना पायजे असंल तर येतील तिच्या दारात. मानानं येतील."

"आणि अंकिता?"

"ती माझ्या ध्यानातच नाय आली." त्यांचा चेहरा पडला. "पाच वाजता खरंच टाकंल तो ग्रुपवर?"

"टाकेल. त्याला मी ओळखतो, तुम्ही त्याहून जास्त."

त्यांनी बटव्याची नाडी बोटाला गुंडाळली.

"सोडवा तिला. माझं नाव घ्या. मी केलं बोला. पन मनिषाचं नाव नका घेव. एवढं करा मास्तर."

मी हो म्हटलं.

सहा

गाळ्यात पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. हरेशच्या फोनवर अंकिताचा फोटो लावलेला मजकूर तयार होता, फक्त पाठवायचा बाकी.

मी तिथे जे केलं ते जसंच्या तसं लिहितो.

आधी मी सांगितलं की अंकिता निर्दोष आहे. एवढ्यावर हरेश ऐकणार नव्हता, म्हणून कारण सांगितलं. ती बाहेरची, कौलाच्या ताटाला तिचा हात लागलेला नाही, तेव्हा देवी काय बोलणार हे तिला कळणं शक्य नव्हतं. कारणाला पुरावा लागतो, म्हणून शिताचं सांगितलं. मग बहात्तर आकड्याचं. सगळे कान देऊन ऐकत होते, बायकांचे हात थांबले होते. बुवा दृष्टांतात शिरले की एकही धागा सुटू देत नाहीत. आयुष्यभर तेच ऐकत आलेला मी. तोंडातून धागा निघत गेला. रविवारी कृष्णाबाई कीर्तनाला नव्हत्या हे बोललो. त्या बेलपाड्याला गेल्या होत्या हेही बोललो.

बेलपाडा हा शब्द बाहेर पडला आणि मी थांबलो. मनिषाचं नाव मी घेतलं नव्हतं. घ्यायची गरज उरली नव्हती.

"मी केलं," दारातून कृष्णाबाई म्हणाल्या. त्या माझ्या मागून चालत आल्या होत्या, धापा टाकत. "मी एकटीनं."

"आये, तुला फोन उचलता येतो," हरेश म्हणाला. "पान बनवता येतं काय?"

घमेल्याशेजारून मनिषा उठली. तिनं हात पदराला पुसले.

"मी बनवलं. नंबर आयेचा टाकला, माझा तुमी वळखला असता म्हनून."

निकेशनं खुर्ची सरकवली आणि तो बाहेर निघून गेला. हरेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं अंकिताचा फोटो पुसला, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझा मॅटर नाय, मॅडम. बसा." मग टेबलावरचं घड्याळ आईच्या दिशेनं वळवलं.

"छापखान्याला कलवायचंय. पत्ता माझ्या नंबरवर कर, मनिषा."

मनिषानं आईकडे पाहिलं. गाळ्यात मिरची निवडणाऱ्या बायका, मी, अंकिता, सगळे तिथेच. मला वाटलं, ही नाही म्हणेल. तिला नाही म्हणता आलं असतं. त्या फोनातल्या जगात तिची सही आधी होती, आणि ती कुणालाही सोडवता येत नव्हती.

"आये, करू?" तिनं विचारलं.

कृष्णाबाई हरेशच्या घरी राहतात. त्यांची खोली तळमजल्यावर, देवघराशेजारी आहे.

"कर, बाय," त्या म्हणाल्या.

मनिषानं आपला फोन काढला, काहीतरी दाबलं. खात्री करायला आकडे येतात ते आले, आणि आईच्या बटव्यात फोन वाजला. कृष्णाबाईंनी तो काढून हातभर लांब धरला आणि एकेक आकडा वाचून दाखवला, चार, शून्य, सात, मनिषाची बोटं प्रत्येकाची वाट बघत होती. सहा आकडे झाले. हरेशच्या फोनवर टिंग झालं.

"झालं," तो म्हणाला, आणि मला हात जोडले. "मास्तर, तुमच्यामुलं घरातली गोष्ट घरात राहिली. रविवारी पयल्या पंगतीला तुमी."

अंकिता माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. मी वाट बघत होतो की ती काहीतरी चांगलं बोलेल.

"बेलपाड्याचं कशाला सांगितलंत काका?" ती म्हणाली. "शीत आणि नंबर एवढ्यात मी सुटले होते."

ती रिक्षा थांबवून करंजाड्याला गेली. पुढचं काम तिनं घेतलं नाही असं नंतर कळलं.

सात

रविवारी काल्याचं कीर्तन झालं. बुवांनी असा रंग भरला की म्हातारीकोतारी हंडीखाली नाचली. मी टाळ वाजवला. पहिल्या रांगेतली एक जागा रिकामी होती, मी तिकडे दोनदा पाहिलं आणि मग बघायचं सोडलं.

मंडपाच्या तोंडाशी मोठा फलक होता, कृष्णाबाईंचा हसरा फोटो, खाली पत्ता. लोक फोन वर करून तो टिपून घेत होते. हरेश आणि निकेश दोघं शेजारी उभे राहून आल्यागेल्याला पाकीट देत होते.

पहिली पंगत बसली. पावट्याच्या आमटीचा वास सगळ्या विचुंब्यात गेला असेल. माझ्या शेजारचे गृहस्थ एक घास घेऊन म्हणाले, "काय हात आहे हो म्हातारीचा."

आमटीची बादली घेऊन मनिषा वाढत येत होती. "घ्या अजून, लाजताय काय," असं प्रत्येकाला म्हणत, नको नको म्हणणाऱ्याच्या पानातही पळी ओतत. माझ्यापर्यंत आली. एक पळी वाढली, सांडली नाही, कमी नाही, जास्त नाही. मी मान वर केली.

"मनिषा," मी म्हटलं.

ती पुढच्या पानाकडे वाकली होती. "घ्या काका अजून," ती त्या गृहस्थांना म्हणाली, "भरपूर हाय."